फंडाचा विश्वस्त झुंबर गांगुर्डे

झुंबर गांगुर्डे कुणाला आवडावा असा माणूसच नव्हता. सातपूरच्या एल्डर्बी कंपनीत तो टर्नर होता. लेथवर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण तोंड उघडलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडायची. कंडक्टरनं तिकीट दिलं की आकडा वाचणार, तारीख वाचणार, मग खिशात घालणार. कॅन्टीनच्या भिंतीवरची पाटी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, जे हाती येईल ते वाचणार आणि त्यातली चूक काढणार. लग्नघरी जाऊन पत्रिकेतली चूक दाखवणाऱ्याला दुसऱ्यांदा कोण बोलावतो? झुंबरला कुणी बोलावत नसे, आणि त्याचं त्याला फारसं काही वाटतही नसे.

बाप सखाराम दिंडोरीकडच्या गावी जन्मभर अंगठाच उठवत गेला. झुंबर अकरावीपर्यंत शिकला, गणितात आपटला, मग आयटीआय केलं आणि एकाहत्तर साली एल्डर्बीत चिकटला. त्या घरात सही करणारा तो पहिला. सही तरी केवढी! 'झुंबर सखाराम गांगुर्डे' असं पूर्ण नाव, खाली दोन रेघा आणि शेवटी एक टिंब. पगारपत्रकाच्या चौकटीत ती मावायची नाही, म्हणून टाइमकीपर दर महिन्याला करवादायचा. झुंबर त्याच्याकडं बघून आणखी सावकाश रेघा ओढायचा. त्या सहीचा त्याला गर्व होता, आणि माणूस आपटतो तो गर्वाच्याच पायरीवर.

एल्डर्बी ही विलायती कंपनी. वीज चालू-बंद करायच्या मोठ्या लोखंडी पेट्या बनवायची. तीनशे दहा कामगार, तीन पाळ्या, आणि सातपुरात ऐकू जाईल असा भोंगा. इथं फंडाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. कामगाराच्या पगारातून दर महिन्याला फंड कापायचा, तेवढाच कंपनीनं घालायचा, आणि निवृत्तीला किंवा मध्येच लग्न-आजारपण निघालं तर तो कामगाराला द्यायचा. बहुतेक कारखाने हा पैसा सरकारी फंडात भरत. एल्डर्बीनं सरकारची परवानगी काढून स्वतःचा ट्रस्ट केला होता. त्यावर सहा विश्वस्त, तीन साहेबांचे आणि तीन कामगारांचे. पैसा कुठं ठेवायचा ते कायद्यानं ठरवलेलं होतं. सरकारी रोखे, पोस्टातल्या मुदत ठेवी, सरकारचीच खास ठेव योजना, आणि बस्स. स्वतःच्या कंपनीत एक छदाम वळवायचा नाही. कारण शेंबड्या पोरालाही कळेल असं होतं. कंपनी बुडाली तर कामगाराची नोकरी जाते, आणि फंडही तिच्यातच असला तर त्याचं म्हातारपणही जातं.

विलायतेतल्या मोठ्या ऑफिसनं याच विषयावर गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका छापली होती. आमचा समूह अकरा देशांत कामगारांचा निवृत्तीचा पैसा सांभाळतो, प्रत्येक देशाचा कायदा पाळतो, आणि त्या पैशाला समूहाचा हात लागू देत नाही, असं तिच्यात मोठ्या अक्षरांत होतं. सातपूरला तिच्या दोनशे प्रती आल्या. टूल रूममध्ये त्यावर भजी खाल्ली गेली. झुंबरनं एक घरी नेली आणि शब्दकोश घेऊन तीन रविवार वाचली.

अठ्ठ्याहत्तर साली कामगारांचा एक विश्वस्त निवृत्त झाला आणि ती जागा रिकामी पडली. युनियनचा चिटणीस आणि कामगारांचा दुसरा विश्वस्त खंडेराव पिंगळे हा मोठा हिशेबी गडी. युनियनच्या सभेत उभा राहून पगाराची पावती वाचून दाखवणाऱ्या झुंबरला कुठं तरी अडकवायला त्याला हवंच होतं. शिवाय 'जय भीमवाल्यांचाही एक माणूस घेतला' असं मिरवता येणार होतं. त्यानं झुंबरचं नाव सुचवलं आणि लोकांनी हात वर केले. विश्वस्त म्हणजे काय हे त्या तीनशे जणांतल्या तिघांनाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असणाऱ्यांत झुंबर होता असं म्हणायलाही माझी जीभ जरा अडखळते.

कारण पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. एल्डर्बीत रीत अशी की नवीन विश्वस्ताचा वरच्या मजल्यावर सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ, काजूची बशी. मुंबईहून वित्त विभागाचे कोतवाल साहेब आले होते. गोरेपान, बोलायला लोण्यासारखे. त्यांनी स्वतः झुंबरच्या खांद्यावर शाल घातली. ज्याच्या बापाला असल्या माणसांच्या ओटीवर पाय ठेवायची चोरी, त्याला साहेबानं हात जोडले. झुंबरचा ऊर भरून आला, त्यात त्याचा काय दोष. डाव्या हातात नारळ, शाल घसरतेय, आणि कारकुनानं जाड रजिस्टर पुढं केलं. चार पानांवर पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या. "गांगुर्डेसाहेब, जरा इथं," कोतवाल म्हणाले. साहेब! चहाच्या कपाचं बूड तपासणाऱ्या या गड्यानं चारही ठिकाणी, दोन रेघा आणि टिंबासकट, झोकदार सही ठोकली. हजेरीची असेल असं त्याला वाटलं. एक ओळ वाचली नाही.

पुढच्या वर्षी फंडाचं व्याज जाहीर झालं. सरकार सव्वाआठ टक्के देत होतं, एल्डर्बीच्या ट्रस्टनं पावणेदहा दिलं. कारखान्यात पेढे वाटले गेले. खंडेराव कॅन्टीनमध्ये बाकावर उभा राहून बोलला की युनियनच्या ताकदीचा हा विजय आहे. झुंबरनं पेढा हातात धरला आणि विचारलं, सरकारी रोख्यांवर जेवढं मिळतं त्यापेक्षा जास्त आपण वाटतो, तर ते वरचं कुठून येतं? कुणीतरी म्हणालं, आधी तो पेढा गिळ. सगळे हसले. त्याच्या शेजारच्या लेथवरचा नाथा सांगळेही हसला.

हा नाथा म्हणजे कारखान्यातला झुंबरचा एकुलता एक मित्र. सिन्नरकडचा शेतकऱ्याचा पोरगा, भाऊ गावी शेती करायचा आणि हा रोज एसटीनं सातपूरला यायचा. आठ वर्षं दोघं शेजारी शेजारी उभे. झुंबरच्या कटकटीला 'बरं बरं' म्हणून सोडून देणारा तेवढाच एक. नाथाची मोठी मुलगी चतुरा लग्नाला आली होती आणि तो स्थळं बघत हिंडत होता.

झुंबरला पेढा काही पचला नाही. त्यानं ट्रस्टच्या बैठकीत रोखे बघायला मागितले. मुंबईच्या बँकेत आहेत, असं उत्तर मिळालं. मग यादी मागितली. यादी पुढच्या बैठकीत देऊ. पुढच्या बैठकीत कारकून रजेवर. त्याच्या पुढच्या बैठकीत कोतवाल हसून म्हणाले की गांगुर्डे आम्हाला चोर समजतात, आणि खंडेराव टेबलावर थाप मारून हसला. कामगारांचा तिसरा विश्वस्त बैठकीत फक्त बिस्किटं खायचा. झुंबर मात्र खुर्चीला चिकटून राहिला. यादी हातात पडल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करायची नाही, असं त्यानं सांगून टाकलं. एकोणऐंशीच्या डिसेंबरात यादी आली.

तिच्यात अठ्ठ्याहत्तरच्या मध्यापर्यंतचे रोखे ओळीनं होते. त्यानंतर एकही नवा रोखा नाही. गेल्या सोळा महिन्यांची सगळी कापलेली रक्कम एका ओळीत दाखवली होती आणि तिच्यापुढं लिहिलं होतं, 'कंपनीकडे ठेव.' सरकारी कायद्यानं त्या काळात विलायती मालकांना आपला हिस्सा कमी करावा लागला होता. एल्डर्बीत निम्म्याहून जास्त मालकी मुंबईच्या नव्या मंडळींकडं आली होती. त्यांना बँकेच्या महाग कर्जापेक्षा कामगारांचा फंड स्वस्त पडत होता. वरचं व्याज तिथून येत होतं. बकऱ्याला त्याच्याच रानातला पाला चारून गुटगुटीत करावा, तसला तो प्रकार.

"हे कुणाच्या परवानगीनं?" झुंबरनं विचारलं.

कोतवालांनी घाई केली नाही. रजिस्टर मागवलं, पान काढलं आणि झुंबरपुढं फिरवून ठेवलं. इंग्रजीत ठराव होता की पुढील व्यवस्था होईपर्यंत फंडाची मासिक रक्कम कंपनीकडे ठेव म्हणून राहावी. खाली सहा सह्या. पाच कशातरी फराटलेल्या. सहावी सगळ्यांत मोठी, सगळ्यांत सुवाच्य, दोन रेघा आणि टिंब.

"तुमच्याच परवानगीनं, गांगुर्डे," कोतवाल म्हणाले.

झुंबर त्या सहीकडं बघत राहिला. आपला बाप बरा होता असं त्याला पहिल्यांदा वाटलं, कारण बापाला निदान अंगठा उठवताना हे तरी कळायचं की आपल्याला वाचता येत नाही. खंडेरावनं त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की जाऊ दे, लोक खूश आहेत, तूही खूश राहा. अळीमिळी गुपचिळी.

तो खूश राहिला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मला ती सांगावी लागली नसती. त्यानं विलायतेला पत्र लिहिलं. शब्दकोश घेऊन, खोडून, पुन्हा लिहून. तुमच्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर तुम्ही असं म्हणता आणि सातपुरात तसं चाललं आहे, एवढंच. सहा आठवड्यांनी जाड पाकिटातून टाइप केलेलं उत्तर आलं. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. भारतीय कंपनीत आमचा हिस्सा आता मर्यादित असून आपला फंड आपल्या देशाच्या कायद्याखाली येतो. कृपया स्थानिक व्यवस्थापनाशी संपर्क साधावा. अकरा देशांत पैसा सांभाळणाऱ्यांनी सातपुरापुरते हात असे झटकले. झुंबरची बायको विमलाबाई विचारायला आली, एवढं काय लिहिलंय? तो म्हणाला, चोराकडं जा म्हणतात.

मार्चच्या सुरुवातीला वीस तारखेच्या बैठकीचा कागद आला. त्यातला चौथा विषय असा की जुने सरकारी रोखेही विकावेत आणि ती रक्कम 'अधिक लाभदायक' ठेवीत घालावी. म्हणजे उरलंसुरलंही गेलं. सहापैकी पाचजण हात वर करणार हे उघड होतं. आता मुंबईच्या फंड कमिशनरला कळवण्यावाचून इलाज नव्हता, आणि कळवायचं तर आपली सहीही कबूल करावी लागणार होती.

पण खरा घोर सहीचा नव्हता. चतुराचं लग्न ठरलं होतं. मुलगा सिन्नरच्या बँकेत शिपाई, साखरपुडा झालेला, हुंडा चार हजार, आणि लग्न वैशाखात. हुंडा घेणं-देणं गुन्हा आहे हे मलाही ठाऊक आहे आणि नाथालाही ठाऊक होतं. बँकेतल्या शिपायाच्या बापाला तेवढं ठाऊक नव्हतं. नाथानं फंडातून पैसे काढायचा अर्ज केला होता आणि तो त्याच वीस तारखेला मंजूर व्हायचा होता. झुंबरला कळत होतं की तपासणी आली की रजिस्टरं जातील आणि सगळंच अडकेल. वीस तारखेनंतर तक्रार केली तर नाथाचे पैसे सुटतील, पण तीनशे जणांचे रोखे जातील. आधी केली तर रोखे वाचतील आणि नाथा बुडेल. विमलाबाईनं सांगितलं, नाथाभाऊंना बोलून तरी बघा. तो तिच्यावरच खेकसला.

सहा तारखेला त्यानं पाळी संपल्यावर नाशिकच्या मोठ्या पोस्टात जाऊन रजिस्टर पत्र टाकलं. सातपूरच्या पोस्टात नाही, कारण तिथला कारकून खंडेरावाच्या भिशीतला होता. पत्रात शेवटी लिहिलं की या ठरावावर माझीही सही आहे आणि ती मी न वाचता केली आहे.

दुसऱ्या दिवशी लेथवर नाथानं त्याला विचारलं. कातून झालेला जॉब काढून ठेवत, हात चिंध्यांना पुसत, सहज.

"माझा अर्ज होईल ना रं या मिटिंगला? नायतर आत्ताच सांग, दुसरीकडं बघतो."

झुंबरच्या खिशात रजिस्टर पत्राची पावती होती.

"होईल," तो म्हणाला.

का म्हणाला? कारण नाथाला सांगितलं तर नाथा घाबरून खंडेरावाकडं जाईल, खंडेराव कोतवालांना फोन करील, आणि बैठक वीसऐवजी आठ तारखेलाच उरकतील, असा त्यानं हिशेब केला. आठ वर्षांच्या मित्राबद्दल हा हिशेब. तो खरा होता की खोटा हे कुणालाच कळणार नव्हतं, कारण झुंबरनं नाथाला संधीच दिली नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, अठरा तारखेला, मुंबईहून फंड कमिशनरचे इन्स्पेक्टर आले. बुटके, चष्मेवाले, चहालाही नाही म्हणणारे गृहस्थ. दोन दिवस वरच्या मजल्यावर बसले आणि रजिस्टरं बांधून घेऊन गेले. रोखे विकायचा विषय बारगळला. फंडातून कुणाला पैसे देऊ नका असं ते अवाक्षर बोलले नव्हते, पण पुढच्या आठवड्यात कोतवालांनी फलकावर सूचना लावली. श्री. झुंबर सखाराम गांगुर्डे, विश्वस्त, यांच्या तक्रारीमुळे फंडातील सर्व उचल पुढील आदेशापर्यंत स्थगित. खरी गोष्ट अशी होती की ट्रस्टच्या हातात रोकडच नव्हती. ती कंपनीनं कधीच वापरून टाकली होती. पण फलकावर नाव झुंबरचं होतं, आणि तीनशे लोकांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखादा कागद शेवटपर्यंत वाचला.

मग जे सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. सायकलचे टायर फाडले गेले. त्याच्या डब्यात लोखंडाचा चुरा सापडला. कॅन्टीनमध्ये तो बसला की बाक रिकामा व्हायचा. काहींनी त्याची जात काढली, आणि तीही कुजबुजत नाही. म्हणे यांना दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही, उगाच वर बसवलं. झुंबर सांगत सुटला होता की पैसे माझ्या तक्रारीनं अडले नाहीत, पैसेच जागेवर नाहीत. तो कायद्याचं कलम सांगायचा, यादी दाखवायचा. गाढवापुढं वाचली गीता. एप्रिलमध्ये खंडेरावनं गेटवर सभा घेतली आणि झुंबरला विश्वस्तपदावरून काढायचा ठराव मांडला. सगळे हात वर गेले. झुंबरनं मान वळवून नाथाकडं पाहिलं. नाथाचाही हात वर होता.

वैशाख आला आणि चतुराचं लग्न मोडलं. शिपायाच्या बापानं आठ दिवसांची मुदत दिली, मग आणखी चार दिवसांची, आणि मग नगरकडची दुसरी मुलगी केली. नाथानं या बाबतीत झुंबरला एक शब्द विचारला नाही. फोरमनला सांगून त्यानं आपला लेथ बदलून घेतला आणि शेडच्या पार पलीकडच्या टोकाला गेला. त्याच्या जागी आलेला गडी झुंबरकडं पाठ करून काम करायचा.

एक्याऐंशीत नाशिकच्या कोर्टात सहाही विश्वस्तांवर खटला उभा राहिला. तक्रार करणाराच आरोपी क्रमांक सहा. खंडेरावनं सांगितलं की ठराव इंग्रजीत होता, आपण साधा माणूस. साहेबांच्या वकिलानं सांगितलं की कामगार प्रतिनिधींच्याच आग्रहावरून हे झालं. बिस्किटं खाणाऱ्याला काहीच आठवत नव्हतं. न्यायाधीशांनी रजिस्टर झुंबरपुढं धरायला लावलं.

"सही माझी आहे," झुंबर म्हणाला. "मला वाचता येतं. मी वाचलं नव्हतं."

त्याला दोनशे रुपये दंड झाला. बाकीच्यांनाही तेवढाच झाला, कारण कायद्यापुढं सगळे समान असतात. दंड भरायला विमलाबाईनं कानातल्या कुड्या मोडल्या. त्याला चांगलं म्हणणारं एक तरी माणूस कुठं आहे, असं तिनं घरी येऊन पायरीवर बसून विचारलं. झुंबरनं तिला निकालाची प्रत वाचायला दिली. असला तो माणूस.

एक गोष्ट मात्र झाली. कंपनीला फंडाची रक्कम हप्त्याहप्त्यानं परत करावी लागली. ब्याऐंशीच्या अखेरीला शेवटचा हप्ता आला. त्र्याऐंशीत सरकारनं एल्डर्बीच्या ट्रस्टची परवानगी काढून घेतली आणि सगळा पैसा, जुन्या रोख्यांसकट, सरकारी फंडात गेला. व्याज सरकारी झालं, म्हणजे कमी झालं, आणि त्याबद्दल झुंबरला पुन्हा एकदा शिव्या बसल्या.

विलायतवाल्यांनी उरलेला हिस्साही विकला आणि पाय काढला. नव्या मालकांनी कारखाना पिळता येईल तेवढा पिळला. शहाऐंशीच्या दिवाळीआधी चार महिन्यांचे पगार थकले होते, आणि दिवाळीनंतर कामगार पाळीवर आले तर गेटला कुलूप. पगार बुडाले, ग्रॅच्युइटी बुडाली, बोनसचं नाव नको. कोतवाल तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेले होते. खंडेरावनं गेटपुढं तंबू टाकून आठ दिवस भाषणं केली आणि सगळ्या भाषणांत एक वाक्य ठरलेलं होतं, की या कंपनीला घरघर लागली ती एका फितुराच्या तक्रारीमुळं. माणसं बुडाल्यावर काडी शोधत नाहीत, आधी कुणाला तरी धरून बुडवायला बघतात.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात फंडाचे पैसे आले. सरकारी फंडातून, प्रत्येकाच्या नावानं, पै न पै. तीनशे घरांत एल्डर्बीकडून आलेली ती एकच गोष्ट. कुणी त्यातून पिठाची गिरणी टाकली, कुणी सिन्नर-नाशिक चालवायला जीप घेतली, कुणी मुलीचं लग्न उरकलं. हा पैसा का शिल्लक राहिला, असं कुणी कुणाला विचारलं नाही. झुंबर तेव्हा सातपुरातच एका लहान वर्कशॉपमध्ये रोजावर लेथ चालवत होता. त्याचं लक्ष दाराकडं असायचं. कधी तरी कुणी तरी येईल आणि निदान म्हणेल, गांगुर्डे, तुझं बरोबर होतं, याची तो वाट बघत होता. सात वर्षं त्यानं ते तोंडानं कबूल केलं नाही, पण विमलाबाईला ते दिसत होतं. सायकलची घंटा वाजली की तो वर्तमानपत्रावरून डोळे उचलायचा.

जूनच्या एका रविवारी दुपारी नाथा सांगळे आला. विमलाबाई बाजाराला गेली होती. नाथाचे केस पांढरे झाले होते. बस म्हटलं तरी तो बसला नाही, चौकटीला हात लावून उभा राहिला. झुंबर पाणी आणायला उठला तर नको म्हणाला. मग तो ज्या कामाला आला होता ते बोलला.

"पैसे मिळाले काल. तुझ्यामुळं मिळाले, ते मला ठावं हाय. पिंगळ्यानं कितीबी बोंब मारू दे."

सात वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य हेच होतं. तो काही बोलणार तोच नाथानं हात वर करून त्याला थांबवलं.

"चतुराला मी बिजवराला दिली. दोन लेकरांचा बाप. तिच्याहून अठरा वर्सांनी मोठा. नांदती हाय."

"नाथा, रोखे गेले असते..."

"गेले असते. त्याचं मी काय म्हणलो का? तक्रार केलीस, लय चांगलं केलंस. पण मी तुला इचारलं होतं. आत्ताच सांग, दुसरीकडं बघतो म्हणलो होतो. फागणात माझ्या भावाकडं पैसे होते. चैतात त्यानं हिरीच्या खोदाईत घातले." नाथाचा आवाज चढला नाही. "तू नाय व्हणार एवढं म्हणला असतास, तरी मी कुणाला सांगितलं नसतं. आठ वर्सं शेजारी हुभा होतो. तेवढाबी भरवसा नव्हता तुला माझा."

झुंबरला कलमं पाठ होती, तारखा पाठ होत्या. कुणी काहीही म्हटलं तर त्याच्याजवळ उत्तर असायचं आणि उत्तराला पुरावा असायचा. आता त्यानं नुसती खुर्ची नाथाकडं सरकवली.

"हे सांगायचं राहिलं होतं," नाथा म्हणाला. "आता परत यायचा नाय."

तो गेला. झुंबर दारातच होता. विमलाबाई पिशवी घेऊन चढावर आली तेव्हा तिला नाथा बसथांब्याकडं जाताना दिसला. ती धापा टाकत, घाईघाईनं पायऱ्या चढली. तिचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांनी कुणी तरी आपल्या दारी आलं होतं.

"नाथाभाऊ आले होते ना? काय म्हणाले?"

झुंबरनं तिच्या हातातली पिशवी घेतली.

"पैसे मिळाले म्हणाला. तुझ्यामुळं मिळाले म्हणाला."

विमलाबाई खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. झुंबर पिशवीतल्या भाज्या काढून ठेवत राहिला. बाकीचं त्यानं तिला कधीच सांगितलं नाही.